वर्तणुकीचा दाखला आजाऱ्याकडे मागू नका

प्रति,
रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतले आरोग्य अधिकारी, समाजकल्याण अधिकारी आणि आमची प्रशिक्षणं ठरवणारे सगळे,

सप्रेम नमस्कार.

मी सिंधुदुर्गाच्या किनारपट्टीवर गटप्रवर्तक आहे, म्हणजे गावोगावच्या आशांचं, आरोग्य स्वयंसेविकांचं काम बघते. त्याआधी नऊ वर्षं आशा म्हणून वाड्यावाड्यांतून फिरले. हे पत्र कुणा एका साहेबांविरुद्धची तक्रार नाही. ते दोन शब्दांबद्दल आहे, आणि त्या दोन शब्दांमधल्या फटीत आमची जी माणसं अडकतात त्यांच्याबद्दल आहे.

मध्यंतरी आमचं एक प्रशिक्षण झालं. पडद्यावर एका पानावर ‘मानसिक आरोग्य’ लिहिलेलं होतं, पुढच्या पानावर ‘वर्तन आरोग्य’. त्यानंतर दोन्ही शब्द आलटून पालटून येत राहिले. माझ्या शेजारच्या आशाताईनं हात वर करून विचारलं, “सर, हे दोन्ही एकच का?” सर म्हणाले, “एकच समजा.” आणि जेवणाची सुट्टी झाली. ताईचा प्रश्न त्या दिवसातला सगळ्यात नेमका प्रश्न होता. तिनं तो परत विचारला नाही. पण मला तो सुटला नाही, कारण ‘एकच समजा’ याची किंमत माझ्या घरानं मोजलेली आहे.

आधी फरक सांगते, माझ्या हद्दीतल्या माणसांवरून.

आमच्या खालच्या वाडीत एक काकी आहेत. पहाटे उठतात, अंगण सारवतात, मासळी घेऊन बाजारात बसतात, संध्याकाळी देवापुढे दिवा लावतात. गणपतीत मोदकांच्या कळ्या पाडाव्यात तर त्यांनीच. त्यांच्या वागण्यात कुणी बोट ठेवू शकणार नाही. दोन वर्षांपूर्वी मी रक्तदाब बघायला गेले तेव्हा पट्टा दंडाला बांधत असताना त्या हळूच म्हणाल्या, “माका काय दुखणा नाय गो बाय, फकत कायच नको वाटता.” तेव्हापर्यंत आठ महिने त्या रात्री दोन वाजता जाग्या होऊन पहाटेपर्यंत छताकडे बघत पडत होत्या, आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. हा मनाचा आजार. वागणं बाहेरून जागच्या जागी, आणि आत माणूस बुडालेला.

आता दुसरा, बोटीवर जाणारा पस्तिशीचा गडी. हसरा, गात असतो, झोप शांत, बायकोमुलांवर जीव. साखरेचा आजार निघालाय, पण गोळी दोन दिवस घेतो, चार दिवस विसरतो. गालात तंबाखू सकाळपासून. त्याच्या मनाला काही झालेलं नाही. त्याच्या सवयी त्याला पोखरतायत. आमच्या म्हाताऱ्या बायकांची मिसरी, शाळकरी पोरांचं रात्री एकपर्यंत मोबाइल बघणं, रक्तदाबाची गोळी बंद करून टाकणं, हे सगळं त्याच रांगेतलं. माणूस रोज काय करतो आणि त्याचं शरीराला, मनाला काय होतं, हा वर्तन आरोग्याचा विषय. मन आतून कसं आहे, माणसाला ताण झेलता येतो का, स्वतःची ताकद ओळखता येते का, चार लोकांत हातभार लावता येतो का, हा मानसिक आरोग्याचा. जागतिक आरोग्य संघटनेनं मानसिक आरोग्य म्हणजे काय हे साधारण याच शब्दांत सांगितलंय.

काकींना मी “सवयी सुधारा” सांगितलं असतं तर तो अन्याय झाला असता, कारण त्यांच्या सवयी माझ्यापेक्षा चांगल्या आहेत. त्या गड्याला मी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं तर तो दारातूनच परत आला असता. म्हणून ‘एकच समजा’ चालत नाही. आणि ‘वेगळंच समजा’ सुद्धा का चालत नाही, ते आता सांगते.

माझा धाकटा दीर बोटीवर खलाशी. एका रात्री त्याच्या बोटीवरून त्याचा लहानपणापासूनचा सोबती पाण्यात गेला. वारा होता, काळोख होता, बॅटरीच्या उजेडात त्यांनी तासन्‌तास शोधलं. तिसऱ्या दिवशी तो दुसऱ्या गावच्या किनाऱ्याला लागला. त्यानंतर दीर परत बोटीवर जायला लागला, पण झोप गेली. डोळा लागला की हाक ऐकू यायची. झोपेसाठी म्हणून एक घोट सुरू झाला. सीमेपलीकडची स्वस्त दारू आमच्या किनाऱ्यावर सहज मिळते हे तुम्हाला मी सांगायला नको. वर्षभरात एका घोटाची बाटली झाली, आणि बाटली सकाळी उठल्याबरोबर लागायला लागली.

मी त्याला म्हटलं, चल, दाखवूया. तो म्हणाला, “वयनी, माका वेड लागाक नाय. माझी फकत झोप गेली.”

शेवटी तयार झाला. आधी आम्ही त्याला एका व्यसनमुक्ती केंद्रात नेलं. त्यांनी सगळं विचारलं, त्यात त्यानं हाक ऐकू येते ते सांगितलं. ते म्हणाले, याला आवाज ऐकू येतात, हे आमच्याकडचं नाही, आधी मनाच्या डॉक्टरांना दाखवा. मग एका रुग्णालयात गेलो. तिथे सांगितलं, दारूच्या अमलात निदान करता येत नाही, आधी दारू सोडून या. दोघांच्याही बोलण्यात खोट नव्हती. ज्याच्या त्याच्या कागदावर जे लिहिलंय तेच ते बोलले. पण दोन्ही दारांतून बाहेर पडल्यावर येशटी स्टॅण्डवर बसून माझ्या दिरानं हिशेब केला, की सगळे म्हणतात ना दारू सोड, मग मीच सोडतो. घरी येऊन त्यानं बाटली ओतून दिली. आम्ही देवाला नारळ ठेवला. मी आशा असून मला आनंद झाला, हे आज लिहिताना मला जड जातंय.

जुलै महिना होता. पावसाळी मासेमारी बंदी, बोटी वर ओढून झापांनी शाकारलेल्या. पहिल्या दिवशी त्याचे हात कापत होते. दुसऱ्या दिवशी घाम, उलट्या, जेवण नाही. तिसऱ्या रात्री मी आवाजानं जागी झाले. तो पडवीत उकिडवा बसला होता आणि जाळं ओढत होता. हातात काही नव्हतं. एक हात पुढे, मुठीत धरायचं, मागे खेचायचं, मग दुसरा हात. मधेच थांबून बोटांनी जाळ्यातला मासा सोडवल्यासारखं करायचा आणि बाजूला टाकायचा. अंगातून घामाच्या धारा. ओरडत होता, “ओढा रे, ओढा! जाळा भरला हा!” माझ्याकडे बघितलं, पण मी त्याला दिसले नाही.

सासूबाई थरथरत म्हणाल्या, “तेच्या दोस्तान धरल्यान तेका.” शेजारचे उठून आले. कुणी गुरवाला बोलवायला निघालं, कुणी अंगारा शोधायला लागलं. त्यांना मी दोष देत नाही. समुद्रात गेलेला सोबती, त्याची हाक, आणि आता हे जाळं ओढणं. आमच्या समजुतीप्रमाणे दुसरा अर्थ निघतच नव्हता. आणि मी, अकरा प्रशिक्षणांच्या फाइली घरात असलेली बाई, मलाही दुसरा अर्थ माहीत नव्हता. मला फक्त एवढं कळलं की त्याचं अंग तापलंय आणि नाडी मोजता येत नाही इतकी पळतेय. रिक्षा बोलावली. दोघांनी धरून बसवलं. घाटीच्या वळणावर त्याला फिट आली.

त्या रात्री ड्यूटीवर असलेल्या तरुण डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, “शेवटचा घोट कधी घेतला?” बाकी सगळं त्यांना कळलं. सलाइनमधून ग्लुकोज लावायच्या आधी त्यांनी बी-1 जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिलं, मग शांत करणारी औषधं. चौथ्या दिवशी त्यानं डोळे उघडून चहा मागितला. डॉक्टरांनी नंतर मला समजावलं. रोज भरपूर पिणाऱ्यानं दारू एकदम तोडली, तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात असा भ्रम होऊ शकतो. त्या भ्रमात माणूस बऱ्याचदा आपलं रोजचं काम करत बसतो. गवंडी विटा लावतो, चालक गाडी चालवतो. उपचार नाही झाला तर यात जीव जातो. “दारू सोडून या” हे वाक्य अशा माणसाला सांगणं किती धोक्याचं आहे, हे मला तेव्हा कळलं. आपल्या किनाऱ्यावर ते वाक्य रोज कुणीतरी कुणाला तरी सांगत असतं. बायको सांगते, सरपंच सांगतात, मीही सांगत आले.

आता तुम्ही मला सांगा, माझ्या दिराचा आजार मानसिक की वर्तनाचा? झोप गेली ती सोबत्याच्या मरणानं. दारू लागली ती झोपेपायी. भ्रम झाला तो दारू तुटल्यानं. यातला कुठला धागा कुठल्या खात्याचा, हे त्या पडवीत बसून कुणी वेगळं करून दाखवावं.

कायद्यानं हा प्रश्न आधीच सोडवलाय, हे मला नंतर वाचताना कळलं. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 साली झाला आणि 29 मे 2018 पासून लागू झाला. त्यात मानसिक आजाराची जी व्याख्या आहे, तिच्यातच दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मनाच्या अवस्था घेतलेल्या आहेत. म्हणजे माझा दीर कायद्याच्या नजरेत पहिल्या दिवसापासून मानसिक आरोग्य सेवेचा हक्कदार होता. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातही ‘मानसिक’ आणि ‘वर्तनविषयक’ हे दोन शब्द वेगळे ठेवलेत, पण विकारांचं प्रकरण एकच आहे, आणि दारूचे विकार त्याच प्रकरणात येतात. फरक आहे हे मान्य करायचं, आणि तरी माणूस एकाच दाराशी घ्यायचा. जगानं केलंय ते एवढंच.

आपल्याकडे मात्र मनाचा आजार आरोग्य खात्याकडे आणि व्यसनमुक्ती केंद्रं मुख्यतः सामाजिक न्याय खात्याकडे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम 1996 पासून देशात आहे, नशामुक्त भारत अभियान 2020 पासून आहे. दोन्ही चांगली कामं आहेत आणि दोन्हींची माणसं मनापासून राबतात. पण मदतीचे फोन नंबरसुद्धा दोन आहेत. मनासाठी टेलिमानसचा 14416, व्यसनासाठी 14446. दोन्हींत एकच आकडा वेगळा. रात्री अडीच वाजता कापऱ्या हातानं फोन लावणाऱ्या बाईनं आपल्या नवऱ्याला आधी मनाचा रोगी ठरवायचं की आधी दारूडा, आणि मग आकडा दाबायचा?

दोन खात्यांनी दोन मोठ्या पाहण्या केल्या. आरोग्य खात्यासाठी बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं 2015-16 मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं, त्यात दारूचा विकार असलेल्या शंभरातल्या 86 जणांना उपचार मिळत नसल्याचं दिसलं. सामाजिक न्याय खात्यासाठी दिल्लीच्या एम्सनं केलेल्या पाहणीचा अहवाल 2019 मध्ये आला. त्यात दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांमागे एकालाच काही ना काही उपचार मिळाल्याचं म्हटलंय. वेगवेगळ्या वाटांनी जाऊन दोघं त्याच रिकाम्या खाटेशी पोचले.

‘वर्तन आरोग्य’ हा शब्द अमेरिकेतून आलाय. तिथे त्या एका नावाखाली मनाचे आजार आणि व्यसनं दोन्ही येतात, आणि 1992 मध्ये तिथल्या केंद्र सरकारनं दोन्हींच्या सेवांसाठी एकच संस्था उभी केली. तिथेही काही जाणकारांना हा शब्द खटकतो, कारण आजार म्हणजे माणसाची निवड असल्यासारखं त्यातून वाटतं. माझं म्हणणं एवढंच की आपण नाव आणलं, त्या नावामागचं एकत्र काम आणलं नाही.

आणि मराठीत तर हे नाव फार वेगळ्या जागी जाऊन बसतं. ‘वर्तन’ म्हटलं की आमच्या माणसाच्या डोळ्यांपुढे शाळा सोडल्याचा दाखला येतो. त्यावर ‘वर्तणूक’ असा रकाना असतो आणि पुढे गुरुजींच्या अक्षरात ‘चांगली’. कैदी चांगल्या वर्तणुकीवर लवकर सुटतो. नोटीस येते तीही वर्तणुकीबद्दल. आमच्या भाषेत हा शब्द शेरा मारायला वापरतात, दुखणं सांगायला नाही. उपकेंद्रावर ‘वर्तन आरोग्य शिबिर’ असा फलक लावला, तर आत येणारा प्रत्येक जण आपली वर्तणूक वाईट असल्याचं गावापुढे कबूल करत आत येईल. म्हणजे कुणी येणारच नाही.

‘मानसिक’ शब्दाची गतही बरी नाही, हे मला माहीत आहे. त्याचा ‘मेंटल’ झालाय आणि तो शिवीसारखा वापरतात. राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक रत्नागिरीला आहे. तिथे किती माणसं बरी होऊन घरी जातात हे कुणी सांगत नाही, पण आमच्याकडे कुणाला हिणवायचं असलं की “ह्याका रत्नागिरीक धाडूक व्हया” हे ठरलेलं. माझा दीर “माका वेड लागाक नाय” म्हणाला तो याच भीतीनं.

मानसिक आरोग्य सेवा कायद्यातली आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. एखाद्याचं वागणं समाजाच्या नीतीला, रीतीला, श्रद्धेला धरून नाही एवढ्यावरून त्याला मानसिक आजारी ठरवता येणार नाही, असं कायदा स्पष्ट म्हणतो. आमच्या गावांत हे घडतं. नवऱ्याशी पटत नाही म्हणून माहेरी आलेली मुलगी, पंचविशी उलटली तरी लग्न नको म्हणणारा मुलगा, वाडीच्या बैठकीत उलट बोलणारी सून. यांना “जरा डॉक्टरकडे दाखवा” म्हणून माझ्याकडे पाठवलं जातं. वागणं आणि आजार यांतला फरक पुसला, की डॉक्टरची चिठ्ठी गावाच्या हातातली काठी होते. म्हणून मी म्हणते, शब्द वेगळे ठेवा. सेवा एकत्र करा.

हे जमण्यासारखं आहे का, असं तुम्ही विचाराल. आमच्या तालुक्याच्या शेजारीच गोवा आहे. तिथे डॉ. विक्रम पटेल यांच्या संगाथ या संस्थेतल्या मंडळींनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत दोन प्रयोग केले, आणि दोन्हींचे निष्कर्ष 2017 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. एक उदासीनतेसाठी, एक दारूसाठी. समुपदेशन करणारी माणसं तिथलीच, मानसोपचाराची कसलीही पदवी नसलेली, शिकवून तयार केलेली. उदासीनतेच्या प्रयोगात तीन महिन्यांनी, समुपदेशन मिळालेल्यांपैकी 64 टक्के लोक आजाराच्या बाहेर आले होते, आणि ते न मिळालेल्यांत 39 टक्के. दारूच्या प्रयोगात घातक पातळीला पिणारे पुरुष होते. तीन महिन्यांनी विचारलं तेव्हा, मागच्या चौदा दिवसांत दारूला हात न लावलेल्यांचं प्रमाण समुपदेशन मिळालेल्यांत 42 टक्के, आणि न मिळालेल्यांत 18. माझ्या दिरासारख्या पूर्ण अडकलेल्या माणसाला एवढं पुरत नाही, त्याला डॉक्टर आणि औषध लागतंच. पण तो तिथे पोचायच्या आधीच्या वर्षात कुणी त्याच्याशी असं बोललं असतं तर?

त्या पहिल्या प्रयोगातली एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा वाचली. उदास माणसाला “विचार बदल” असं ते सांगत नव्हते. त्याला पूर्वी बरं वाटायचं ते छोटं काम परत सुरू करायला लावत होते, बेतानं, आठवड्याआठवड्यानं, आणि सहा ते आठ भेटींत त्याचा मागोवा घेत होते. म्हणजे आजार मनाचा, आणि त्याच्याकडे जायची वाट वागण्यातून. आमच्या काकींच्या बाबतीत हेच झालं, मला तेव्हा त्याचं नाव माहीत नव्हतं एवढंच. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आणि त्यांच्या बहिणीनं त्यांना रोज संध्याकाळी वेळेवर जेटीपर्यंत चालत न्यायचं ठरवलं. पहिले पंधरा दिवस काकी रडत चालायच्या. मग नुसत्या चालायला लागल्या. मग एक दिवस वाटेत कुणाच्या तरी कोलंबीचा भाव करत उभ्या राहिल्या, आणि बहीण मला फोन करून रडली.

आता आमच्या हातातल्या कागदाबद्दल. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा आम्ही सी-बॅक फॉर्म, म्हणजे आजारांचा धोका तपासायची प्रश्नावली, भरतो. त्यात पहिल्याच भागात “रोज दारू पिता का” हा प्रश्न आहे. तो साखर, रक्तदाब, कर्करोग यांचा धोका मोजण्यासाठी. मनाबद्दलचे दोन प्रश्न शेवटच्या भागात आहेत, कामात रस वाटत नाही का, उदास वाटतं का. मधे क्षयरोग, कुष्ठरोग, चूल कुठली हे सगळं. पहिल्या भागात ‘हो’ आणि शेवटच्या भागात ‘हो’ म्हणणारा माणूस एकच आहे, याची नोंद घ्यायला त्या फॉर्मवर जागा नाही. आम्ही गुणांची बेरीजही वेगवेगळी करतो. माझ्या वीस आशांना मी सांगून ठेवलंय, दोन्हीकडे ‘हो’ आलं तर त्या घरी तुम्ही दुसऱ्या दिवशी परत जायचं. हे कुठल्या परिपत्रकात नाही. असायला हवं.

मला तुमच्याकडून काय हवंय ते सांगते.

ग्रामीण रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ ज्या दिवशी येतात, त्याच दिवशी, त्याच खोलीत व्यसनमुक्तीचा समुपदेशक बसवा. यासाठी नवी इमारत लागत नाही. दोन खात्यांनी एकमेकांना एक पत्र लिहायला लागतं. कुणालाही “आधी ते करून या” असं सांगून दारातून परत पाठवायचं नाही, एवढा एक नियम त्या पत्रात घाला.

दारू एकदम तोडल्यावर काय होतं, हे आशांच्या प्रशिक्षणात पहिल्या दिवशी शिकवा. हात कापणं, घाम, भ्रम, फिट, आणि कुठल्या टप्प्याला गाडी बोलवायची. एका तासाचं काम आहे. गुरव आणि भगत यांनाही त्या तासाला बोलवा. आमच्याकडे रात्री माणूस बडबडायला लागला की आधी त्यांच्याकडे निरोप जातो, आणि यापुढेही जाईल. त्यांनी गाऱ्हाणं घालावं, त्याला कुणाची हरकत नाही. घालता घालता “शेवटचा घोट कधी घेतला” एवढं विचारलं आणि रिक्षा बोलावली तर जीव वाचतील. आमच्या गावच्या गुरवांना मी हे सांगितलं, तर त्यांनी मला दोनदा परत सांगायला लावलं आणि तो प्रश्न पाठ केला. बी-1 ची इंजेक्शनं आणि शांत करणारी औषधं प्राथमिक आरोग्य केंद्रात कायम असू द्या, म्हणजे घाट उतरायच्या आधी पहिला उपचार होईल.

फलकावर ‘वर्तन’ लिहू नका, नुसतं ‘मानसिक’ही लिहू नका. तक्रार लिहा. “झोप येत नाही? काही नकोसं वाटतं? दारू सुटत नाही? इथे या.” आमची माणसं याच शब्दांत बोलतात. माझा दीर शेवटपर्यंत झोप गेली एवढंच म्हणत होता. तसा फलक असता तर तो वर्षभर आधी आत आला असता, हे त्यानंच मला सांगितलंय.

आणि वेळ. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटी बंद असतात. त्या 61 दिवसांत खलाशी घरी असतो, आंब्याचा हंगामही सरलेला असतो. हातात पैसा कमी, वेळ जास्त, बाहेर पाऊस. पिणं याच दिवसांत वाढतं, पैसे संपले की एकदम तुटणंही याच दिवसांत होतं, आणि भेटायला माणूस मिळतो तोही याच दिवसांत. तरी शिबिरं मात्र मार्चअखेर निधी संपवायला होतात, तेव्हा अर्धा गाव समुद्रात आणि उरलेला बागेत. शिबिरं पावसाळ्यात बंदरांवर घ्या. माशांच्या लिलावाची शेड तेव्हा रिकामीच असते.

दिराला दारू सोडून आता चौदा महिने झाले. मधे शिमग्यात एकदा घसरला, दुसऱ्या दिवशी स्वतः येऊन मला सांगितलं, आणि आम्ही त्याच दुपारी डॉक्टरांना गाठलं. रात्रीची हाक कमी झाली आहे, गेलेली नाही. ती हाक मनाच्या डॉक्टरांपुढे बोलायला त्याला सहा महिने लागले, कारण तोवर त्याच्या केस पेपरवर फक्त ‘दारू’ लिहिलेलं होतं आणि सोबत्याबद्दल त्याला कुणी विचारलंच नव्हतं. तो अजून खोल समुद्रात जात नाही, किनाऱ्यावर जाळी विणतो. हे पत्र मी त्याला वाचून दाखवलं. पडवीतल्या रात्रीचा भाग आला तेव्हा मी थांबले. तो म्हणाला, “लिव वयनी. नाव घालू नको, पण लिव.”

येत्या 1 जूनलाही बोटी वर येतील. शिबिराचं काय ठरतंय ते मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत कळलं, तर माझ्या आशा प्रत्येक बंदरावर तांडेलांपर्यंत, म्हणजे बोटींच्या प्रमुखांपर्यंत, निरोप पोचवतील. त्याला आम्हाला पंधरा दिवस लागतात.

आपली विश्वासू,
सिंधुदुर्ग किनाऱ्यावरची एक गटप्रवर्तक